किडनीवरची गाठ कॅन्सरची की साधी? स्कॅनला नेमकं काय विचारायचं

हा भाग बऱ्याच जणांनी लोकलमध्ये, बसमध्ये, अर्धवट झोपेत ऐकला आणि मग "ताई, ते आकडे लिहून द्या ना" असे मेसेज आले. त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं छाटलंय, बाकी बहुतेक जसंच्या तसं.

सुरुवात एका व्हॉइस नोटने. पाठवणारा मुलगा पुण्यात नोकरी करतो, घर बार्शीकडे. त्याच्या परवानगीने सांगते, नाव सांगत नाही.

"ताई, पप्पा एसटीत ड्रायव्हर होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. पोटात गॅस धरतो म्हणून सोनोग्राफी केली, तर डाव्या किडनीवर २.८ सेंटीमीटरची गाठ निघाली. सिटी स्कॅन केला, त्यात कॅन्सरची शक्यता लिहिलीये. डॉक्टर म्हणाले, पुढच्या मंगळवारी किडनी काढून टाकू, एका किडनीवर माणूस आरामात जगतो. पप्पांना शुगर आहे, बीपी आहे. मला एकच विचारायचंय. काढायच्या आधी ती कॅन्सरची आहे की नाही, हे कळतच नाही का?"

मी डॉक्टर नाही. सहा वर्षं न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट होते, म्हणजे पेशंटला कॅमेऱ्याखाली झोपवणारी, "हलू नका हं काका" म्हणणारी. त्या अनुभवावर एवढं नक्की सांगू शकते की प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर मात्र एका वाक्याचं नाही.

आधी हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते बघू. पूर्वी किडनीचा कॅन्सर कळायचा तो लघवीतून रक्त गेलं, कुशीत दुखायला लागलं, पोटात गोळा हाताला लागला की. आता गॅससाठी, मुतखड्यासाठी, नोकरीच्या मेडिकलसाठी सोनोग्राफी होते आणि दोन-तीन सेंटीमीटरच्या गाठी योगायोगाने सापडतात. चार सेंटीमीटरपर्यंतच्या भरीव गाठी ऑपरेशन करून काढल्यावर तपासल्या, तर साधारण पाचातली एक कॅन्सरची नसतेच. गाठ जितकी लहान, तितकी ती साधी निघण्याची शक्यता जास्त. २००९ या एका वर्षात अमेरिकेत अशा साडेपाच हजारांहून जास्त निरुपद्रवी गाठी ऑपरेशनने काढल्या गेल्या, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

हा आकडा उलटाही वाचा. पाचातल्या चार कॅन्सरच्या निघतात. म्हणून "काढून टाकू" म्हणणारा सर्जन काही लुटारू नसतो. माझा आक्षेप आहे तो "एका किडनीवर आरामात जगतो" या वाक्याला. किडनी दान करणारी व्यक्ती आरामात जगते, कारण तिची कसून तपासणी करून, निरोगी आहे म्हणूनच तिची किडनी घेतलेली असते. साठी ओलांडलेल्या, शुगर आणि बीपी असलेल्या माणसाची उरलेली किडनी आधीच दमलेली असू शकते. म्हणूनच चार सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीसाठी, शक्य असेल तिथे, फक्त गाठ काढून किडनी वाचवायची, असं युरोलॉजीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आता स्कॅनकडे येऊ. आपल्याला वाटतं, मशीन आत बघतं आणि "कॅन्सर आहे" किंवा "नाही" असं सांगतं. मशीनला कॅन्सर हा शब्दच माहीत नाही. ते काहीतरी एक गोष्ट मोजतं. इथे चरबी आहे का? इथे रक्त पोचतंय का? प्रत्येक स्कॅनचा प्रश्न वेगळा असतो, आणि उत्तर त्या प्रश्नापुरतंच असतं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे रिपोर्ट कळायला लागतात.

सिटी स्कॅनपासून सुरू करू. गॉडफ्री हाऊन्सफील्ड नावाचा इंजिनिअर, ईएमआय कंपनीत कामाला. हो, तीच ईएमआय, बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी. त्याने बनवलेल्या मशीनवर १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला, आणि १९७९ चं नोबेल त्याला अॅलन कॉरमॅकबरोबर विभागून मिळालं. सिटीतला प्रत्येक ठिपका हा एक आकडा असतो, आणि त्या मापाला हाऊन्सफील्डचंच नाव आहे. पाणी म्हणजे शून्य. हवा उणे १०००. चरबी पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे तीही उणे, साधारण उणे ५० ते उणे १००.

याचा किडनीशी संबंध असा. अँजिओमायोलायपोमा नावाची एक साधी गाठ असते, रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची मिळून झालेली. बायकांमध्ये जास्त दिसते. कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या सिटीत गाठीच्या एखाद्या कोपऱ्यात आकडा उणे १० च्या खाली उतरला, तर तिथे चरबी आहे. आणि किडनीच्या गाठीत उघड चरबी दिसली की बहुतेक वेळा विषय मिटतो, ती अँजिओमायोलायपोमाच असते. गाठीत चरबीबरोबर कॅल्शियमही दिसलं, तर मात्र सावध राहायचं, कारण क्वचित कॅन्सरमध्येही असं सापडतं. या गाठीची काळजी वेगळीच असते. मोठी झाली, साधारण चार सेंटीमीटरच्या वर गेली, की ती आतल्या आत फुटून रक्तस्राव होण्याची भीती वाढते.

किती सोपं, नाही का? पण कित्येकदा कॉन्ट्रास्ट आधीचा भाग जाड स्लाइसमध्ये काढलेला असतो, किंवा काढलेलाच नसतो. चरबीचा छोटा कोपरा जाड स्लाइसमध्ये शेजारच्या मांसात मिसळून जातो आणि सरासरी आकडा अधिक येतो. तीन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ स्लाइस हव्यात. माझं प्रामाणिक मत सांगते, महागड्या स्कॅनच्या मागे लागण्याआधी हा स्वस्तातला प्रश्न नीट विचारला गेलाय का, ते बघावं. आणि हेही ध्यानात घ्या की काही अँजिओमायोलायपोमात चरबी इतकी कमी असते की सिटीला सापडतच नाही. म्हणजे चरबी दिसली तर सुटलात, नाही दिसली तर काहीच सिद्ध झालं नाही.

सिटीचा दुसरा प्रश्न रक्ताचा. कॉन्ट्रास्टच्या आधी गाठीचा आकडा समजा ३४, नंतर ९०. वीसच्या वर वाढ म्हणजे गाठीत रक्त खेळतंय, ती भरीव आहे, निव्वळ पाण्याची गाठ नाही. क्लिअर सेल नावाचा किडनीचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर कॉन्ट्रास्ट शिरल्या शिरल्या झगझगीत उजळतो, पॅपिलरी जातीचा कॅन्सर मंद उजळतो. पण एक साधी गाठही क्लिअर सेलइतकीच झगझगते. तिच्याकडे येतेच.

पाण्याच्या गाठींबद्दल, म्हणजे सिस्टबद्दल, थोडक्यात. रिपोर्टवर "बोस्निॲक" लिहिलेलं असतं ना, ते न्यूयॉर्कच्या मॉर्टन बोस्निॲक या रेडिओलॉजिस्टचं आडनाव. त्यांनी १९८६ मध्ये ही वर्गवारी मांडली, २०१९ मध्ये ती सुधारली गेली. एक आणि दोन असेल तर शांत झोपा. दोन-एफ म्हणजे अधूनमधून पुन्हा स्कॅन करून लक्ष ठेवायचं. तीनमध्ये साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात, चारमध्ये बहुतेक.

एमआरआय चरबीचे सूक्ष्म थेंबही पकडतो, सिटीला न दिसणारे. पण इथे एक गंमत आहे, बरं का. डोळ्याला दिसणारी चरबी म्हणजे साधी गाठ, आणि पेशीच्या आत लपलेली सूक्ष्म चरबी क्लिअर सेल कॅन्सरमध्येही असते! म्हणजे एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ. म्हणून एमआरआयमध्ये चार-पाच खुणा एकत्र बघून, गाठ क्लिअर सेल असण्याची शक्यता किती, याला एक ते पाच गुण देतात.

आता ती झगझगणारी साधी गाठ. ऑन्कोसायटोमा. किडनीच्या गाठींमध्ये हिचं प्रमाण साधारण ३ ते ७ टक्के, आणि सर्जनला सगळ्यात जास्त चकवणारी हीच. मधोमध चट्टा असतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण तो सगळ्या गाठींत नसतो आणि कॅन्सरमध्येही दिसू शकतो. सिटीत, एमआरआयमध्ये ती कॅन्सरसारखीच दिसते. १९४२ मध्ये तिचं पहिलं वर्णन झालं, आणि ती निरुपद्रवी आहे हे १९७६ नंतर कुठे सर्वमान्य व्हायला लागलं.

पण मायक्रोस्कोपखाली हिची ओळख वेगळी आहे. हिच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेल्या असतात. मायटोकॉन्ड्रिया, शाळेतल्या तंतुकणिका, पेशीचं वीजघर. आणि माझ्या जुन्या विभागात एक औषध रोज वापरलं जायचं, जे नेमकं मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं. सेस्टामिबी. टेक्निशियम-९९एम या किरणोत्सारी मूलद्रव्याला जोडून शिरेत द्यायचं. हे औषध आलं हृदयासाठी. हृदयाचा स्नायू दिवसरात्र राबतो, त्याच्यात मायटोकॉन्ड्रिया भरपूर, म्हणून रक्तपुरवठा नीट असेल तिथे हृदय उजळतं. "एमआयबीआय स्कॅन" तुमच्या घरातल्या कुणाचा तरी झालेला असेल.

मग कुणाला तरी सुचलं, की हेच किडनीत वापरलं तर? ऑन्कोसायटोमात औषध साचेल, गाठ उजळेल. क्लिअर सेल कॅन्सरमध्ये मायटोकॉन्ड्रिया कमी, शिवाय त्या पेशींच्या भिंतीवर औषध बाहेर फेकणारे पंप असतात, तेच पंप ज्यांच्यामुळे केमोथेरपी या कॅन्सरवर नीट चालत नाही. म्हणजे तिथे काळा खड्डा दिसेल. इंजेक्शननंतर तास-सव्वा तासाने पेशंटला झोपवायचं, गॅमा कॅमेरा भोवती फिरतो, वर सिटीची जोड. स्पेक्ट-सिटी म्हणतात त्याला.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये ५० पेशंटवर हे करून बघितलं, २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. सगळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे खरं उत्तर हातात होतं. सहा ऑन्कोसायटोमांपैकी पाच उजळले. ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब कॅन्सर यांच्या मधल्या, संथ स्वभावाच्या मिश्र गाठी दोन होत्या, त्या दोन्ही उजळल्या. उरलेल्या ४२ पैकी फक्त दोन चुकून उजळल्या. म्हणजे पकडण्याची क्षमता ८७.५ टक्के, आणि चुकीची गाठ न उजळण्याचं प्रमाण ९५.२ टक्के.

ऐकायला भारी वाटतं. आता कागद-पेन घ्या, आकडेमोड करू. समजा लहान भरीव गाठ असलेली शंभर माणसं आहेत आणि त्यातल्या १० गाठी या ऑन्कोसायटोमाच्या घराण्यातल्या आहेत. त्या दहातल्या साधारण ९ उजळतील. उरलेल्या ९० पैकी जवळपास ५ टक्के चुकून उजळतील, म्हणजे ४. एकूण १३ जणांच्या रिपोर्टवर "गाठ उजळली" असं येईल, आणि त्यातल्या ४ जणांची गाठ ऑन्कोसायटोमाची नसेलच. ९५ टक्क्यांची चाचणी, आणि तरी तेरातले चार! कारण मुळात ही गाठ दुर्मीळ आहे. त्या अभ्यासात अशा गाठी होत्याच मुळी आठ, हेही विसरू नका. म्हणून उजळलेल्या गाठीवर लगेच "कॅन्सर नाही" असा शिक्का मारत नाहीत, पण सुई घालून बायोप्सी करायला आणि थांबायला एक भक्कम कारण मिळतं. आणि गाठ उजळली नाही म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. अँजिओमायोलायपोमाही सहसा काळाच राहतो. म्हणूनच चरबीचा प्रश्न आधी.

दुसरी दिशा उलटी आहे. साधी गाठ शोधण्याऐवजी थेट क्लिअर सेल कॅन्सरच शोधायचा. या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा व्हीएचएल नावाचं जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे पेशीला ऑक्सिजन मिळत असूनही वाटतं की आपण गुदमरतोय, आणि ती गुदमरण्याच्या वेळची प्रथिनं बनवत सुटते. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात, या शोधासाठी २०१९ चं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळालं, आणि त्यात व्हीएचएलची भूमिका मोठी आहे. त्या प्रथिनांपैकी एक पेशीच्या बाहेरच्या बाजूला येऊन बसतं. त्याला चिकटणारी अँटिबॉडी म्हणजे गिरेंटक्सिमॅब. तिला झर्कोनियम-८९ जोडायचं आणि पेट स्कॅन काढायचा. अँटिबॉडी म्हणजे मोठा, संथ रेणू, गाठीपर्यंत पोचून साचायला दिवस लागतात, म्हणून स्कॅन साधारण पाच दिवसांनी. ती लिव्हरवाटे बाहेर पडते, त्यामुळे किडनीचा परिसर स्वच्छ राहतो.

झिरकॉन नावाच्या चाचणीत ३०० लोकांवर हे झालं, निकाल २०२४ मध्ये छापून आले. सात सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींमध्ये क्लिअर सेल असेल तर ८५.५ टक्के वेळा स्कॅनने पकडला, नसेल तर ८७ टक्के वेळा तसं बरोबर सांगितलं. आता पुन्हा प्रश्न कोणता होता ते आठवा. "क्लिअर सेल आहे का?" उत्तर "नाही" आलं, तरी पॅपिलरी कॅन्सर असू शकतो. शिवाय शंभरात १४-१५ खरे क्लिअर सेल सुटलेही असतात. हा स्कॅन "हो" म्हणाला तर त्याचं जास्त ऐकायचं, "नाही" म्हणाला तर कमी.

इथेच एक सूचना. "पेट काढून टाकू ना सरळ" म्हणून नेहमीचा साखरेचा पेट स्कॅन काढायला जाऊ नका. ती किरणोत्सारी साखर लघवीवाटेच बाहेर पडते, त्यामुळे किडनी तशीही उजळते, आणि किडनीचे अनेक कॅन्सर साखर फारशी ओढतही नाहीत. कॅन्सर दुसरीकडे पसरलाय का, यासाठी कधी कधी त्याचा उपयोग होतो. ही गाठ कसली, यासाठी हजारो रुपये घालवायची गरज नाही.

एआयबद्दल चार जणांनी विचारलंय. गाठीच्या चित्राचा पोत मोजून कॉम्प्युटर भेद करू शकतो, प्रयोग खूप झालेत. एका हॉस्पिटलच्या स्कॅनवर शिकलेला प्रोग्रॅम दुसऱ्या हॉस्पिटलच्या मशीनवर अडखळतो, ही मुख्य रड आहे. तूर्त एवढंच.

मग बायोप्सीच का नाही करत सरळ? करतात, आणि करावीही. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती फार जुनी, प्रत्यक्षात तसं अत्यंत क्वचित होतं. पण साधारण सातातली एक बायोप्सी काहीच उत्तर देत नाही, नमुना अपुरा पडतो. आणि ऑन्कोसायटोमा की क्रोमोफोब कॅन्सर, हे सुईभर तुकड्यावरून ठरवताना पॅथॉलॉजिस्टही चाचरतात. म्हणून स्कॅन आणि सुई एकमेकांना धरून वाचायचे.

आणखी एक गैरसमज. "सहा महिने थांबू, वाढली तर कॅन्सर, नाही वाढली तर साधी." तसं नसतं. या लहान गाठी सरासरी वर्षाला दोन-तीन मिलिमीटरने वाढतात, आणि साध्या गाठीही जवळपास त्याच वेगाने वाढतात. थांबण्यात अर्थ आहे तो वेगळ्या कारणाने. लहान गाठ संथ वाटली, तर नियमित लक्ष ठेवून ऑपरेशन पुढे ढकलता येतं, आणि वयस्कर, आजारी माणसाचं कदाचित टळतंही.

तर त्या मुलाला मी काय म्हटलं? "अरे, रिपोर्टचा कागद नको, सिटीची सीडी घेऊन ये." फिल्मवर आकडे मोजता येत नाहीत. सीडी असली की दुसरा रेडिओलॉजिस्ट चरबी पुन्हा शोधू शकतो. आणि त्याला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या: कॉन्ट्रास्ट आधीच्या स्लाइस पातळ आहेत का, फक्त गाठ काढता येईल का, आणि पप्पांचं क्रिएटिनिन किती.

मंगळवारचं ऑपरेशन त्यांनी पुढे ढकललं. सोपं नव्हतं ते. घरात आत्या म्हणाली, "कॅन्सर अंगात ठेवून घ्यायचा का?" आणि तिचं अगदीच चूक नव्हतं. दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला चरबी मिळाली नाही. क्रिएटिनिन १.४ होतं, म्हणजे किडनी आधीच थोडी थकलेली. दुसऱ्या युरोलॉजिस्टनी सेस्टामिबी स्पेक्ट-सिटी लिहून दिलं. विभागातल्या लोकांना हृदयासाठीचं औषध किडनीसाठी म्हटल्यावर थोडं समजावून सांगावं लागलं, पण झालं. गाठ उजळली. मग बायोप्सी. रिपोर्ट आला: ऑन्कोसायटिक गाठ, ऑन्कोसायटोमा असण्याची शक्यता जास्त, क्रोमोफोब पूर्णपणे नाकारता येत नाही.

मुलाचा रात्री फोन आला. "ताई, एवढं सगळं करून शेवटी 'शक्यता'च?" मी म्हटलं, हो, शक्यताच. पण महिन्यापूर्वी तुझ्याकडे पाचात चार वेळा कॅन्सर ही शक्यता होती, आता ती बरीच उलटी झालीये, आणि अजून दोन्ही किडन्या जागेवर आहेत.

डॉक्टरांनी दोन पर्याय दिले, फक्त गाठ काढणं किंवा लक्ष ठेवणं. निर्णय पप्पांनी स्वतः घेतला. ते म्हणाले, तीस वर्षं गाडी चालवली, घाटात कधी ओव्हरटेक केला नाही, आताही करणार नाही. पुढचा स्कॅन दिवाळीनंतर आहे. गॅसचं औषध चालू आहे.